पात्यावरचें नांव

चाकू ही अशी वस्तु आहे कीं, नवेपणीं तिची पारख होत नाहीं. धान्य दांताखालीं धरून पाहतां येतें, कापड चुरगाळून पाहतां येतें, मडकें वाजवून घेतां येतें. परंतु पोलादाच्या पोटांत काय आहे तें गिऱ्हाइकाच्या डोळ्यांस दिसत नाहीं. नवा चाकू, मग तो दीडशें रुपयांचा असो कीं पांच हजारांचा, झळकतो आणि कापतोही. अंतर उघड होतें तें महिन्या-दोन महिन्यांनीं, जेव्हां एक चाकू टोमॅटोची साल नुसती दाबूं लागतो आणि दुसरा पहिल्या दिवसासारखाच चालतो. तोंवर पैसे देऊन झालेले असतात.

म्हणूनच गिऱ्हाईक फार पूर्वींपासून पात्याऐवजीं पात्यावरील अक्षरें वाचीत आलें आहे. अमक्या लोहाराचा शिक्का, तमक्या गांवाचें नांव, एखादा तारा, क्रूस किंवा लांडगा, एवढ्यावर विश्वास ठेवून त्यानें मोल मोजलें. आणि जेथें नुसत्या नांवाला मोल येतें तेथें नांव चोरणारा आल्यावांचून राहत नाहीं. आज इंटरनेटवरील दुकानांतून दोन-तीनशें रुपयांचे चाकू घरबसल्या मागवितां येतात. त्यांच्या चित्रांखालीं जपानी वळणाचीं नांवें असतात, पात्यावर लाटांची नक्षी असते, ‘जर्मन पोलाद’ असे शब्द असतात. आणि माल कोठून आला व कसा आहे हें कळेनासें होतें. ही अडचण आजच्या काळानें निर्माण केली अशी पुष्कळांची समजूत आहे. वस्तुतः ती हजार वर्षांहून जुनी आहे, आणि तिचा इतिहास मोठा चमत्कारिक आहे; कारण त्यांत आजचा फिर्यादी हा बहुधा कालचा आरोपी निघतो.

उत्तर युरोपांत नद्यांच्या गाळांतून व थडग्यांतून इ. स. ८०० ते १००० च्या सुमाराच्या शंभराहून अधिक तलवारी अशा सांपडल्या आहेत कीं, त्यांच्या पात्यांवर ‘उल्फबर्ट’ हें एकच नांव धातूच्या तारेनें ठोकून बसविलेलें आहे. नांव फ्रँक लोकांच्या वळणाचें आहे. दोनशें वर्षें एकच मनुष्य तलवारी घडवीत बसणें शक्य नाहीं. तेव्हां हें नांव ही एक छापच झाली होती हें उघड आहे. इंग्लंडांतील धातुशास्त्राचे अभ्यासक अॅलन विल्यम्स यांनीं यांपैकीं अनेक पातीं तपासलीं. कांहींचें पोलाद उत्कृष्ट निघालें, कांहींचें अगदीं सामान्य. नांवाजवळ जो क्रूस काढलेला असतो तो चांगल्या पात्यांवर बहुधा शेवटच्या अक्षराच्या आधीं आहे, हलक्या पात्यांवर बहुधा त्याच्या नंतर. नक्कल करणाऱ्या लोहाराला अक्षरओळख नसावी. आणि ज्या वीरानें ती तलवार विकत घेतली त्यालाही नसावी. त्या बिचाऱ्याला फरक कळला असेल तो रणांगणावर.

पुढें हीच तऱ्हा झोलिंगेन या जर्मन गांवाची. वुपर नदीच्या कांठचें हें गांव मध्ययुगापासून पात्यांबद्दल प्रसिद्ध आहे. परंतु त्याच्या आधीं डॅन्यूबकांठच्या पासाउ शहराचें नांव मोठें होतें, आणि तेथील पात्यांवर धांवत्या लांडग्याची आकृति कोरलेली असे. झोलिंगेनच्या कारागिरांनीं तो लांडगा बिनदिक्कत उचलला. आन्द्रेआ फेरारा नांवाचा एक नामांकित पातीं घडविणारा सोळाव्या शतकांत इटलींत होऊन गेला. स्कॉटलंडांत त्याच्या नांवाचें पातें हवें असे, म्हणून त्याचें नांवही झोलिंगेनच्या पात्यांवर चढलें. इराणांत शहा अब्बासच्या काळीं असदुल्ला इस्फहानी याची ख्याति होती, तर त्याच्या सहीच्या तलवारी त्याच्यामागें कित्येक पिढ्या निघत राहिल्या.

या युरोपीय पात्यांचा महाराष्ट्राशीं चांगलाच संबंध आलेला आहे. पोर्तुगीज आणि त्यांच्या मागून आलेल्या इतर व्यापाऱ्यांनीं लांब, सरळ अशीं विलायती पातीं पश्चिम किनाऱ्यावर आणलीं. तीं येथल्या मुठींत बसवून जी तलवार होई तिलाच मराठ्यांनीं ‘फिरंग’ म्हटलें. नांवांतच तिचें मूळ आलें. मात्र फिरंगेला मान आहे असें दिसतांच आपले लोहारही स्वस्थ बसले नाहींत. जिनोआच्या पात्यांवर विळ्यासारखी दांतेरी खूण असे. ती हिंदुस्थानांत ठोकली जाऊं लागली, काकेशसच्या डोंगरांतही ठोकली जाऊं लागली. त्यामुळें जुन्या वाड्यांतून निघालेल्या एखाद्या फिरंगेचें पातें युरोपांत घडलें कीं येथेंच, हें खुणेवरून ठरविणें अभ्यासकांना आजही जड जातें.

आणि गंमत अशी कीं, विलायती पात्यांना येथें हा भाव असतांना पोलाद मात्र हिंदुस्थानाचें उत्तम गणलें जात होतें. दक्षिणेंत, विशेषतः आजच्या तेलंगणांतील कोनसमुद्रम् यासारख्या गांवीं, मातीच्या लहान मुशींत लोखंड आणि कर्ब एकत्र वितळवून जें पोलाद करीत त्याला युरोपीयांनीं ‘वूट्झ’ हें नांव दिलें. तें इराणांत जाई, तेथून पश्चिमेकडे जाई, आणि त्याच्या पात्यावर पाण्यावरील लाटांसारखा जो जौहर उमटे त्यामुळें युरोपीय लोक त्याला दमास्कसचें पोलाद म्हणत. लंडनचा जेम्स स्टोडार्ट हा शस्त्रक्रियेचीं हत्यारें करणारा कारागीर हिंदी पोलादाचा मोठा चाहता होता. मायकेल फॅरडे यानें विजेचे प्रसिद्ध शोध लावण्यापूर्वीं याच स्टोडार्टच्या सोबतीनें वूट्झवर प्रयोग केले आणि ते १८२० सालीं प्रसिद्ध केले. वूट्झ करण्याची ही परंपरा एकोणिसाव्या शतकांत बुडाली. आज ज्याला दमास्कस म्हणून विकतात तें पोलाद वेगळें. निरनिराळ्या पोलादांचे थर एकमेकांवर ठेवून, जोडून, त्यांना आम्लानें उजळून लाटा काढितात. तेंही चांगलें असूं शकतें. परंतु तीन-चारशें रुपयांच्या चाकूवर ज्या लाटा दिसतात त्या बहुधा साध्या पात्याच्या पृष्ठभागावर किरणयंत्रानें काढलेल्या असतात. ओळखण्याची खूण सोपी आहे : थरांची लाट खरी असेल तर ती पात्याच्या पाठीवरही रेषांच्या रूपानें दिसते आणि पात्याच्या दोन बाजू कधींही तंतोतंत सारख्या नसतात. काढलेली लाट पाठीवर पोंचत नाहीं, आणि तारेच्या घासणीनें आठवडाभर घासली कीं पुसट होऊं लागते.

चाकूंच्या इतिहासांतील मुख्य नाट्य मात्र इंग्लंडच्या शेफील्ड शहरांत घडलें. डोंगरांतून उतरणाऱ्या पांच लहान नद्या, त्यांवर फिरणारीं पाणचक्क्यांचीं सहाणघरें, जवळच सहाणेचा दगड; असा हा गांव. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसर कवीनें आपल्या एका पात्राच्या मोज्यांत शेफील्डची सुरी खोवली आहे, यावरून त्याचा लौकिक किती जुना हें कळेल. १६२४ सालीं पार्लमेंटच्या कायद्यानें तेथील चाकूवाल्यांचा संघ स्थापन झाला. प्रत्येक कारागिराची स्वतंत्र खूण संघाच्या वहींत नोंदली जाई, आणि दुसऱ्याची खूण मारणाऱ्यास दंड होई. इतका हा प्रामाणिकपणाचा कडेकोट बंदोबस्त! पण याच शेफील्डचे कारागीर आपल्या पात्यांवर राजरोस ‘लंडन’ हें नांव ठोकीत असत, कारण लंडनच्या चाकूला भाव अधिक येई. शेवटीं १८१९ सालीं पार्लमेंटला कायदा करावा लागला कीं, जें पातें लंडनच्या हद्दींत घडलें नाहीं त्यावर लंडन हें नांव घालूं नये.

त्याच कायद्यांत दुसरें एक कलम आहे, आणि तें आजच्या गिऱ्हाइकाला अधिक उपयोगाचें आहे. त्या वेळीं ओतीव लोखंडाचे चाकू निघाले होते. वितळलेलें लोखंड सांच्यांत ओतावयाचें, वरून घासून चकाकी आणावयाची, झाला चाकू. दिसावयास तो घडीव पोलादाच्या चाकूसारखाच. पण हाडावर पडला कीं कांचेसारखा तुटे. तेव्हां कायद्यानें ठरविलें कीं, हातोड्याखालीं ठोकून घडविलेल्या पात्यावरच हातोड्याची खूण मारावी, ओतीव मालावर मारूं नये. म्हणजे गांव कोणतें याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, पातें कसें केलें हा प्रश्न महत्त्वाचा आहे, हें दोनशें वर्षांपूर्वीं कायदा करणाऱ्यांना कळलें होतें.

शेफील्डला चांगलें पोलाद मिळालें तेंही जरा नाइलाजानेंच. बेंजामिन हंट्समन हा डाँकॅस्टरचा घड्याळजी. घड्याळाच्या कमानींना हवें तसें एकजीव पोलाद मिळेना, म्हणून इ. स. १७४० च्या सुमारास त्यानें तें मुशींत वितळवून पाहिलें. पोलाद अप्रतिम झालें. पण शेफील्डचे चाकूवाले म्हणाले, हें फार कठीण आहे, आमच्या हातोड्याखालीं वळत नाहीं. हंट्समननें आपलें पोलाद फ्रान्सला विकलें. त्याचे फ्रेंच चाकू इंग्लंडच्या बाजारांत येऊन खपूं लागले तेव्हां कोठें शेफील्डकरांचे डोळे उघडले. हिंदुस्थानांतील मूस आणि हंट्समनची मूस यांत तत्त्व एकच होतें, हेंही येथें नमूद करावयास हवें.

पुढच्या शंभर वर्षांत शेफील्डनें जग जिंकलें. जोसेफ रॉजर्स आणि पुत्र ही पेढी त्यांत अग्रगण्य होती. तारा आणि माल्टाचा क्रूस ही तिची खूण. १८२२ सालीं तिला राजाची सनद मिळाली, आणि त्या वर्षाची आठवण म्हणून तिनें १८२२ पात्यांचा एक चाकू केला, ज्याला पुढें वर्षागणिक पातें वाढविण्याची प्रथा पडली. हा चाकू उघडून त्यानें कोणी आंबा चिरला असेल असें वाटत नाहीं, परंतु दुकानांत लोक तो पाहावयास येत. रॉजर्सचे चाकू हिंदुस्थानांतही येत आणि नांवाजले जात. इतकें नांव झाल्यावर त्याची चोरी अटळच होती. मात्र पहिली चोरी परदेशांत नव्हे, घरांतच झाली. १८४६ सालीं निकालांत निघालेला रॉजर्स विरुद्ध नॉविल हा खटला इंग्रजी कायद्याच्या पुस्तकांत आजही दाखविला जातो. पेनचाकूंवर रॉजर्सचें नांव मारल्याचा वाद होता, आणि प्रतिवादी शेफील्डचेच होते.

येथें थोडें थांबून एका गोष्टीकडे पाहिलें पाहिजे. खोट्या नांवाच्या स्वस्त मालानें नुकसान होतें तें पेढीच्या मालकाचें, अशी समजूत असते. शेफील्डमध्यें चाकू घडविणारे बहुतेक लोक लहान कारागीर होते. एक घडवी, दुसरा सहाणेवर घांसे, तिसरा मूठ बसवी. यांपैकीं घांसणाऱ्याचें काम जीवघेणें. सहाणेवर पाणी असलें तर दगडाची धूळ थोडी बसे. पण कांटे आणि सुया यांसाठीं सहाण कोरडीच चालवावी लागे, आणि दगडाची व पोलादाची धूळ फुप्फुसांत जाई. शेफील्डच्या त्या वेळच्या डॉक्टरांनीं लिहून ठेविलें आहे कीं, कोरड्या सहाणेवरचा मनुष्य क्वचितच पस्तिशी ओलांडतो आणि ओल्या सहाणेवरचा क्वचितच पंचेचाळिशी. धूळ ओढून घेणारे पंखे निघाले तेव्हां कित्येक कामगारांनींच ते लावण्यास विरोध केला. त्यांचें म्हणणें असें कीं, माणसें जास्त दिवस जगूं लागलीं तर कामाला हात वाढतील आणि मजुरी उतरेल. चाकूची किंमत उतरली कीं ती कोणाच्या अंगावर उतरते हें यावरून दिसून येईल. स्वस्त चाकू म्हणजे लबाडीचा चाकू नव्हे. पण स्वस्ताई कोठून तरी येते. कधीं ती यंत्रांतून येते, कधीं हलक्या पोलादांतून, कधीं कोणाच्या फुप्फुसांतून.

आतां पुन्हां झोलिंगेनकडे वळूं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जर्मनीनें यंत्रांचा स्वीकार झपाट्यानें केला. ठोकण्याचें काम सांच्यांत यांत्रिक घणानें होऊं लागलें. शेफील्ड मात्र हातोड्यालाच चिकटून राहिलें. जर्मन माल स्वस्त झाला, आणि खपावा म्हणून त्यांतील पुष्कळ मालावर ‘शेफील्ड’ हें नांव बसूं लागलें. तो माल चांगला होता काय? याचें उत्तर एका जर्मनानेंच देऊन ठेविलें आहे. १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनांत जर्मनीतर्फे परीक्षक म्हणून गेलेले प्रोफेसर फ्रान्झ रूलो यांनीं स्वदेशीं पत्रें पाठवून कळविलें कीं, आपल्या मालाचें लक्षण ‘स्वस्त आणि वाईट’ असेंच केलें जात आहे. त्यावरून जर्मनींत गहजब झाला. पण रूलोचा बाण वर्मीं लागला होता.

शेफील्डच्या ओरडीचा परिणाम होऊन १८८७ सालीं ब्रिटिश पार्लमेंटनें मालावरील खुणांचा नवा कायदा केला. परदेशी मालावर इंग्रजी वाटणारें नांव असेल तर तो माल कोणत्या देशांत झाला तें स्पष्ट लिहावें, असा त्यांत दंडक होता. दोन वर्षांनीं, १८८९ मध्यें, हिंदुस्थानांतही त्याच धर्तीचा कायदा आला. हेतु असा कीं ‘जर्मनींत तयार केलेला’ हीं अक्षरें वाचून गिऱ्हाईक नाक मुरडील. घडलें उलट. माल सुधारत गेला होता. गिऱ्हाइकानें तीं अक्षरें वाचलीं, चाकू वापरून पाहिला आणि पुढच्या खेपेस तींच अक्षरें मागितलीं. कलंक म्हणून लाविलेला शिक्का प्रशस्तिपत्र ठरला. १८९६ सालीं अर्नेस्ट विल्यम्स या इंग्रजानें या विषयावर जें पुस्तक लिहिलें त्याचें नांवच ‘मेड इन जर्मनी’ असें होतें.

अमेरिकेनें १८९० च्या जकातीच्या कायद्यानें परदेशी मालावर देशाचें नांव घालणें सक्तीचें केलें. या कायद्यांचा एक अनपेक्षित फायदा जुने चाकू जमविणारांना झाला आहे. पात्यावर देशाचें नांवच नसलें तर तें बहुधा त्याच्या आधींचें. ‘पश्चिम जर्मनी’ असलें तर १९४९ ते १९९० मधलें. ‘व्याप्त जपान’ असलें तर दुसऱ्या महायुद्धानंतरच्या आणि १९५२ च्या आंतल्या कालांतलें. देशांचे नकाशे बदलतात आणि चाकूच्या पात्यावर त्यांच्या तारखा राहून जातात.

स्वित्झर्लंडची कथा तर याहून बोधक आहे. सैनिकाच्या खिशांतला तो लाल मुठीचा चाकू आज जगभर स्विस म्हणून मिरवितो. परंतु १८९० सालीं स्विस सैन्यानें आपला पहिला चाकू ठरविला तेव्हां एवढा माल करून देणारा कारखाना त्या देशांत नव्हता. तो माल झोलिंगेनहून आला. कार्ल एल्सेनर यानें दुसऱ्याच वर्षीं तें काम स्वदेशांत घेतलें आणि जर्मन मालाच्या स्वस्ताईपुढें तो जवळजवळ दिवाळखोर झाला. तो टिकला म्हणून आज ‘स्विस चाकू’ हा शब्द आहे. १९३८ सालीं झोलिंगेनचें नांव खास कायद्यानें सुरक्षित झालें : चाकू घडविण्याच्या सर्व महत्त्वाच्या पायऱ्या झोलिंगेनच्या हद्दींत पार पडल्या नसतील तर तें नांव घालतां येत नाहीं. पासाउचा लांडगा, फेराराची सही आणि शेफील्डचें नांव वापरून झालेल्या गांवाला आपल्या नांवासाठीं पहारा बसवावा लागला!

जपानचें सेकी आणि चीनचें यांगज्यांग हीं गांवें या मालिकेंत पुढचीं आहेत. सेकीची परंपरा सामुराईंच्या तलवारींची. महायुद्धानंतर तेथून स्वस्त चाकू परदेशीं गेले तेव्हां ‘जपानी माल’ हा शब्दही कमीपणाचा होता. जपानांत ऊसा नांवाचें एक गांव आहे आणि तेथें माल तयार करून त्यावर ‘मेड इन यू.एस.ए.’ असें लिहीत, अशी एक गोष्ट अमेरिकेंत प्रचलित झाली. ती खरी नाहीं. पण लोकांना ती खरी वाटावी यांतच त्या वेळचें मत दिसतें. आज त्याच जपानचें नांव स्वस्त चाकूंवर चोरून घातलें जातें. यांगज्यांग हें दक्षिण चीनमधील ग्वांगडोंग प्रांतांत असून जगांतील साध्या चाकूंचा मोठा वांटा तेथून निघतो. चिनी माल म्हणजे नक्कल, असें म्हणून मोकळें होणारांनीं हांगचौच्या झांग श्याओछुआन या कात्र्यांच्या पेढीचा इतिहास पाहावा. १६६३ पासून चालत आलेल्या या नांवाच्या इतक्या नकला चीनमध्येंच झाल्या कीं, उच्चार तोच आणि चित्रलिपींतील अक्षर मात्र वेगळें, अशा पाट्या शेजारीं शेजारीं लागल्या होत्या.

मग ‘जर्मन पोलाद’ या शब्दांचा अर्थ काय घ्यावा? बहुधा एवढाच कीं, पोलादाची कृति जर्मन आहे. सुमारें अर्धा टक्का कर्ब, पंधरा टक्के क्रोमियम आणि किंचित् मॉलिब्डेनम व व्हॅनेडियम ही झोलिंगेनची नेहमींची कृति. तिला आंकडी नांव १.४११६ असें आहे. जवळजवळ तीच कृति चीनमध्येंही वापरतात. तेव्हां यांगज्यांगचा विक्रेता ‘जर्मन पोलाद’ म्हणतो तेव्हां तो साफ खोटें बोलत नाहीं. तो नेमकें सांगत नाहीं इतकेंच. झोलिंगेन हें नांव मात्र तो कायद्यानें घालूं शकत नाहीं. म्हणून वाचणारानें ‘जर्मन’ या विशेषणाखालीं कोणत्या गांवाचें नांव आहे तें पाहावें. पुष्कळदां कोणतेंच नसतें. कधीं एकाच नामांकित जर्मन घराण्याच्या दोन खुणा असतात : त्स्विलिंगचीं जुळीं माणसें ही १७३१ पासूनची खूण एका प्रतीच्या मालावर, आणि एकटें माणूस हलक्या किंमतीच्या मालावर, जो निरनिराळ्या देशांत होतो. यांत फसवणूक नाहीं. ज्याला दोन माणसें व एक माणूस यांतला भेद माहीत नाहीं तो मात्र स्वतः फसतो.

‘स्टेनलेस’ या शब्दाचीही हीच कथा. हॅरी ब्रिअर्ली यानें १९१३ च्या ऑगस्टमध्यें शेफील्डच्या प्रयोगशाळेंत पावटक्का कर्ब व सुमारें तेरा टक्के क्रोमियम असलेलें पोलाद ओतविलें. बंदुकीच्या नळीसाठीं म्हणून केलेलें हें पोलाद गंजेना, म्हणून त्यानें तें चाकूवाल्यांकडे नेलें. त्यांनीं जुन्या रीतीनें त्याला पाणी दिलें, चाकू केले, आणि न कापणाऱ्या चाकूंचा शोध लावणारा म्हणून ब्रिअर्लीचीच थट्टा केली. पोलाद तापवून विझविण्याची रीत या नव्या धातूला वेगळी लागते हें समजण्यास थोडा वेळ गेला. तात्पर्य इतकेंच कीं गंज न चढणें हा एक गुण आणि धार टिकणें हा दुसरा. पहिला क्रोमियमनें येतो. दुसरा कर्बानें आणि पाणी देण्याच्या कौशल्यानें. कृति कागदावर कितीही चांगली असो, पाणी देण्यांत चुकलें कीं पोलाद फुकट जातें, आणि पाणी कसें दिलें हें कोणत्याही जाहिरातींत लिहिलेलें नसतें. फार तर एक आंकडा असतो, रॉकवेलचा. ह्यू व स्टॅन्ली रॉकवेल या अमेरिकनांच्या कठीणपणा मोजण्याच्या यंत्राला १९१९ सालीं पेटंट मिळालें. त्या मापानें पाश्चात्य धर्तीचे स्वयंपाकाचे चाकू ५४ ते ५८ च्या दरम्यान आणि चांगले जपानी चाकू ६० च्या आसपास असतात. अडीचशें रुपयांच्या चाकूखालीं ६२ हा आंकडा छापलेला दिसला तर तो मोजलेला नसून लिहिलेला आहे असें समजण्यास हरकत नाहीं.

मग घरीं आलेल्या चाकूची परीक्षा कशी करावी? चाकू उताणा धरून धारेवर उजेड पाडावा. धार चांगली असेल तर ती दिसतच नाहीं, बोथट जागा मात्र पांढऱ्या ठिपक्यासारखी चमकते. पातें धारेच्या मागें किती जाड आहे तें पाहावें. हलक्या चाकूचा मुख्य दोष पुष्कळदां पोलादांत नसून येथें असतो. पाचरीसारखें जाड पातें कांदा कापीत नाहीं, फोडतें. पात्याचा मुठींत गेलेला भाग शेवटपर्यंत आहे कीं अर्ध्यावर संपतो, रिव्हेटें मुठीशीं सपाट बसलीं आहेत कीं नखाला अडखळतात, हें पाहावें. लोहचुंबक लावून पाहावा. न गंजणाऱ्या भांड्यांच्या पोलादाला, म्हणजे ज्याला अठरा-आठ म्हणतात त्याला, चुंबक फारसा धरीत नाहीं आणि त्याला पाणीही देतां येत नाहीं. पात्याला चुंबक चिकटला नाहीं तर तें पातें चाकूचें नव्हेच. चिकटला म्हणजे मात्र चाकू उत्तम ठरला असें नाहीं. दारावर येणारा धारवाला यापलीकडे जाऊन चाक फिरवितांना ठिणग्या पाहतो. कर्ब भरपूर असला तर ठिणगी फांद्या फुटल्यासारखी फुटते, कमी असला तर लांब सरळ रेघ काढून विझते. क्रोमियम जास्त असलें तर ठिणग्या मुळांतच थोड्या पडतात, हें मात्र ध्यानांत ठेवावें.

मूळ देशाबद्दल आतां कायदा गिऱ्हाइकाच्या बाजूस आहे. १ जानेवारी २०१८ पासून वैध मापनाच्या नियमांप्रमाणें वेष्टनावरील आवश्यक माहिती ऑनलाइन दुकानांनींही दाखवावयाची असते, आणि २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-व्यापार) नियमांत आयात मालाच्या मूळ देशाचा स्पष्ट उल्लेख आहे. चित्रांखालची मोठी अक्षरें सोडून खालच्या बारीक अक्षरांत मूळ देश आणि आयात करणाराचा पत्ता शोधावा. पुडकें आल्यावर वेष्टनावर तेंच आहे कीं नाहीं तें पडताळावें. बहुतेक दुकानें माल परत घेण्यास थोड्या दिवसांची मुदत देतात, आणि वापरलेला माल कित्येक ठिकाणीं परत घेत नाहींत. म्हणून वेष्टन, उजेड, चुंबक आणि पात्याची पाठ एवढी तपासणी पहिल्याच दिवशीं, चाकू भाजीला लावण्यापूर्वीं करावी.